बंद कारखान्याचा भोंगा

कडा गावाकडच्या एका साखर कारखान्यात मी टाइमकीपर होतो. लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला, ऊस उरला नाही आणि गाळप बंद पडलं. कामगार आपापल्या गावी गेले. कॉलनीचा बोअर आटला तशी बायको मुलीला घेऊन पुण्याला भावाकडे गेली. मागं राहिलो मी आणि गेटवरचा पहारेकरी. त्याला ऐकू कमी यायचं, त्यामुळं बोलणं असं व्हायचंच नाही.

विजेचा भोंगा मात्र रोज वाजवायचा, असं ठरलं होतं. आसपासच्या वाड्या त्यावर शाळेची, टँकरची वेळ धरायच्या. बातम्यांआधी रेडिओवर टूं टूं वाजायचं, त्यावर मी घड्याळ लावायचो, भोंगा द्यायचो. पुढं दिवसभर काम नाही. टाइम ऑफिसात बसून रस्त्याकडं बघायचं.

एकदा शेळ्या राखणारी एक मावशी सावलीला पायरीवर टेकली.

"सायेब, कारखान्यात कुनी न्हाई, मग भोंगा कावून वाजवता?"

"लोकांना वेळ कळावी म्हणून."

"आन् तुमाला कोन सांगतं?"

"रेडिओ. त्याला दिल्ली सांगते."

"आन् दिल्लीला?"

कितीतरी दिवसांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. रेडिओवरच्या एका भाषणात ऐकलेलं सगळं मी तिला सांगत सुटलो. दिल्लीत अणूंच्या कंपनांवर चालणारी घड्याळं आहेत, तशी देशोदेशी आहेत. तीही एकमेकांच्या कणभर मागंपुढं होतात. म्हणून पॅरिसजवळ सगळ्यांचा मेळ घालून जगाची वेळ ठरवतात. एकट्या कुठल्याच घड्याळावर भरवसा ठेवत नाहीत.

ती म्हणाली, "मंजी समद्यांनी मिळून? सोसायटीच की वो ही! चेअरमन कोन हाय?"

मी मोठ्यानं हसलो. ते हसू रिकाम्या शेडमध्ये घुमून परत आलं आणि मला कसंतरीच झालं.

नंतर ती अधूनमधून यायची. दिवाळीनंतर लेकीची पोरं सांभाळायला ऊसतोडीच्या टोळीबरोबर कोल्हापूरकडं गेली. जाताना सांगायला आली होती. मी चहा टाकला.

पुढच्या साली पाऊस झाला, ऊस लागला. पुढं गाळपही सुरू झालं, कॉलनीत दिवे आले. पण मुलगी पुण्याच्या शाळेत रमली होती. मायलेकी सुट्टीपुरत्या यायच्या, पाहुण्यांसारख्या. तोवर मी एकट्यापुरत्या भाकरी थापायला शिकलो होतो.