गेनियाबाईंच्या वाफ्यातले खडे

गेनियाबाईंना जन्मभर कुणाचं ना कुणाचं काहीतरी खुपतच आलं. लहानपणी थोरली बहीण लेओकादिया वडिलांची लाडकी म्हणून खुपली. लग्नानंतर जावेकडे कपडे धुण्याचं यंत्र आधी आलं म्हणून ते खुपलं. नवरा चेस्वाव वारला त्याच आठवड्यात गावचा जुना पोस्टमनही गेला. त्याच्या अंत्यविधीला चर्च भरून माणसं आली आणि चेस्वावच्या वेळी मात्र जेमतेम चार बाकं भरली. नवरा गेल्याचं सांगताना त्या हेही सांगत, आणि त्याच आवाजात सांगत. गावाला हा स्वभाव पाठ होता. कुणी मनावर घेत नसे, कारण बाई कामाला वाघ होत्या.

गाव पोलंडच्या पूर्व टोकाला, बुग नदीच्या अलीकडे, पाइनच्या जंगलाला चिकटून. जंगलात रेल्वेच्या जुन्या फाट्याजवळ, जर्मनांनी युद्धात उभारलेल्या छावणीची जागा आहे. तिथे माणसं राहायला आणलीच जात नव्हती. गाडीतून उतरवायची आणि दोन-तीन तासांत संपवायची, एवढंच त्या छावणीचं काम होतं. गेनियाबाई तेव्हा पाळण्यातून नुकत्या उतरलेल्या. त्यांना त्यातलं काही आठवत नाही. आठवते ती आई. युद्ध संपून दहा वर्षं झाली तरी जंगलाकडून वारा सुटला की ती भर उन्हाळ्यात खिडक्या लावून घ्यायची. का, म्हणून विचारलं की थोबाडीत बसायची. आणि त्या जंगलातल्या एका मोकळ्या पट्ट्यातली अळंबी गावात कुणी खुडत नसे. तिथे ती टपोरी यायची, तरीही.

पुढे त्या जागेवर छोटं स्मारक-संग्रहालय झालं. झाडांच्या दुतर्फा रांगेत, मेलेल्यांच्या नातेवाइकांनी नावं कोरलेले दगड बसवले. झाडलोटीला माणूस हवं होतं. त्र्याण्णव साली गेनियाबाई बर्चचा खराटा घेऊन गेल्या आणि कायमच्या तिथल्याच झाल्या.

आमच्याकडे कबर कशी आहे यावरून घर कसं आहे ते लोक ठरवतात. एक नोव्हेंबरला अख्खं गाव दिवे आणि शेवंतीच्या कुंड्या घेऊन कबरस्तानात जातं, आणि त्याच्या आधी आठवडाभर बाया बादल्या-ब्रश घेऊन आपापले दगड घासत असतात. कुणाच्या दगडावर वाळलेलं पान दिसलं की शेजारीण हळूच म्हणते, याचं मागे कुणी राहिलं नाही वाटतं. गेनियाबाईंनी हाच कायदा जंगलातल्या दगडांना लावला. खाली कुणी पुरलेलं नव्हतं, पण वरून दगड आरशासारखे चकाकायचे. पाइनच्या सुया, पक्ष्यांची शिट, शेवाळ, सगळं साफ. आणि येणारीजाणारी माणसं दगडांच्या माथ्यावर खडे ठेवून जात, तेही साफ.

त्यांना वाटे, ही टोळक्यानं येणाऱ्या शाळकरी पोरांची खोड असावी. सोमवारी खराट्यानं खडे लोटायचे, बादलीत भरायचे आणि घरी न्यायचे. त्यातले चांगले निवडून त्यांनी अंगणातल्या डेलियाच्या वाफ्याला किनार केली होती. कोंबड्या वाफ्यात शिरत नसत आणि दिसायलाही झोकदार दिसे. जाऊ येऊन बघून गेली तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्या दिवशी गेनियाबाईंना दोन घास जास्त गेले.

शहाण्णव सालापासून दर ऑक्टोबरात मौरिट्स नावाचे एक डच गृहस्थ येऊ लागले. युद्धात ते तीन वर्षांचे होते. आईनं त्यांना एका शेतकऱ्याकडे लपवलं आणि स्वतः पकडली गेली. तीन दिवसांचा गाडीचा प्रवास करून ती या जंगलात पोचली. तिचं नाव हेन्रिएट. रांगेतल्या सातव्या दगडावर तेच होतं.

मौरिट्सना पोलिश येत नव्हती, गेनियाबाईंना डच. पहिल्याच वर्षी ते पावसात भिजले, तेव्हा बाईंनी त्यांना घरी नेऊन चहा आणि सफरचंदाचा केक दिला. तेव्हापासून तो रिवाजच पडला. दोघं स्वयंपाकघरात तासभर बसत. ते आईचा फोटो काढून टेबलावर ठेवत. बाई डब्लिनला असलेल्या लेकीचा, एडिताचा फोटो शेजारी ठेवत. बोलणं असं काही नसेच. त्यांना तीन शब्द येत होते: आभार, बरं आणि उद्या. निघताना ते दारात टोपी काढून म्हणत, “उद्या.” पुढल्या वर्षी येतो, असं त्यांना म्हणायचं असे. बाई वर्षभर त्या उद्यावर काढत.

आणि मग दोन हजार अकरा साली कालिना आली.

कालिना लुब्लिनहून आलेली मार्गदर्शक. वय अठ्ठावीस, चार भाषा तोंडात, पायात लाल बूट. पहिल्याच आठवड्यात बाई झाडत असताना ती शेजारी येऊन म्हणाली, “गेनियाबाई, खडे राहू द्या हं.” का, ते बोलली नाही. एवढं साऱ्यांना माहीत असणारच, असं तिला वाटलं. बाईंच्या मात्र अंगाचा तिळपापड झाला. काल आलेली पोरगी मला झाडणं शिकवते! त्या सोमवारी त्यांनी दुप्पट जोरानं खराटा मारला. मंगळवारी बघतात तर दगडांवर पुन्हा खडे. कालिनाला ठेवताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. बाई नीट झाडत नाही असं संचालकांना दाखवायचा डाव, त्यांनी ताडलं. तिथून दोघींचं जुंपलं. एक लोटायची, दुसरी मांडायची, आणि भेटल्यावर हवापाण्याच्या गप्पा. तीन वर्षं हे चाललं आणि दोघींपैकी एकीनंही तोंड उघडलं नाही.

तेही बाईंनी सोसलं असतं. पण कालिनाला डच येत होती. मौरिट्स तिच्याशी बोलायचे, हसायचेसुद्धा. अठरा वर्षं बाईंनी त्यांना चहा पाजला होता आणि त्यांना हसताना कधी ऐकलं नव्हतं.

दोन हजार चौदाच्या सप्टेंबरात त्यांचं पत्र आलं. कालिनानं ते कचेरीत वाचून दाखवलं: गुडघे गेले, हे माझं शेवटचं येणं. माझ्या पश्चात आईच्या दगडाकडे बघायला तिथल्याच कुणालातरी सांगून जायचं आहे.

कुणालातरी म्हणजे कुणाला, हे बाईंनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. एकवीस वर्षं तो दगड घासला कुणी? घरी येऊन त्यांनी टेबलावरचं कापड धुतलं, खिडक्या पुसल्या, वाफ्याची किनार उकरून देखणे खडे मागून पुढे आणले. एडिताला फोन करून सांगितलं की एक डच साहेब माझ्यावर मोठी जबाबदारी सोपवणार आहेत. एडिता म्हणाली, अरे वा, आई, मी कामावर आहे, नंतर बोलू. एडिता तीन वर्षं एक नोव्हेंबरला बापाच्या कबरीवर आली नव्हती.

मौरिट्स आले ते कालिनाच्या हातावर भार टाकून. बाई झाडाआड खराटा धरून उभ्या होत्या. दोघं सातव्या दगडाशी तासभर बोलत होते. मौरिट्सनी दगडावर काहीतरी ठेवलं. मग खिशातून एक पाकीट काढून कालिनाच्या हातात दिलं आणि तिचे दोन्ही हात आपल्या हातांत धरून ठेवले.

संपलं, बाईंना कळलं. दिलं तिला.

खराटा टाकून त्या झाडाच्या बुंध्याशी बसल्या. आणि तिथे एक गोष्ट त्यांना स्वच्छ दिसली, जी त्यांनी कधी कबूल केली नव्हती. त्यांना कालिनाचा हेवा वाटत होताच, पण त्याहून जुना हेवा त्या दगडातल्या बाईचा होता. जिला इथे आणून मारलं, जिची राखसुद्धा कुणी वेगळी दाखवू शकत नाही, तिचा. तिचा मुलगा अठरा वर्षं एका दगडासाठी दोन देश ओलांडून येत होता. मी मेल्यावर एक पोरगी विमानात बसेल की नाही, कोण जाणे. एवढं मनात आलं आणि त्यांना स्वतःची किळस आली. तरी हेवा काही गेला नाही.

दोघं कचेरीत गेल्यावर त्या दगडाशी आल्या. माथ्यावर एक करडा खडा होता, मधोमध पांढरी रेघ फिरलेला. सोमवार नव्हता. झाडण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी तो उचलून एप्रनच्या खिशात टाकला.

दुपारी चहाला मौरिट्स आले, आणि पहिल्यांदाच बरोबर कालिना आली, एकमेकांचं बोलणं सांगायला. बाईंनी फाटक उघडलं ते ओठ आवळून. मौरिट्स दोन पावलं आत आले आणि थांबले.

वाफ्याच्या पुढच्या ओळीत, फाटकासमोर, सगळ्यात देखणे म्हणून बाईंनी खास निवडून लावलेले अठरा करडे खडे होते. प्रत्येकाला मधोमध पांढरी रेघ.

मौरिट्स काठीवर रेलून खाली वाकले. एक खडा उपटला, त्याची माती अंगठ्यानं पुसली. मग दुसरा. कालिनाचा चेहरा पांढराफटक पडला.

“गेनियाबाई,” ती हळू म्हणाली, “त्यांच्यात, ज्यू लोकांत, फुलं नाही ठेवत. खडा ठेवतात. मी येऊन गेलो, आठवण आहे, म्हणून. हे ते आपल्या घराजवळच्या समुद्रावरून आणतात. दरवर्षी असाच शोधून.”

“मग तू मला बोलली का नाहीस?”

“बोलले होते. राहू द्या म्हणाले होते.”

“का राहू द्या, ते बोलली नाहीस.”

कालिनानं आपल्या लाल बुटांकडे पाहिलं. मग म्हणाली, “तुमची भीती वाटायची.”

बाईंना भोवताली बघवेना. पूर्ण वाफा, चारी बाजूंनी. कुणाकुणाचे खडे, कुठून कुठून आलेले, आणि आत डेलिया. आपल्या हातानं त्यांनी एकवीस वर्षं त्या रांगेतल्या प्रत्येकाचं मागे कुणी उरलं नाही असं करून ठेवलं होतं.

नकळत झालं म्हणून सुटता आलं असतं. कालिना तेच डचमध्ये सांगू लागली होती, बाईंना तिच्या सुरावरून कळलं. त्यांनी तिचा हात धरला.

“थांब.” त्यांनी खिशातून एकोणिसावा खडा काढला. “हा नकळत नाही. हा मी आज सकाळी उचलला. त्यांनी तुला पाकीट दिलं म्हणून. सांग त्यांना. जसंच्या तसं सांग, गोड करू नकोस.”

कालिनानं सांगितलं. चार-पाचच शब्द होते. मौरिट्स आत जाऊन नेहमीच्या खुर्चीवर बसले. केकला त्यांनी हात लावला नाही. आईचा फोटोही काढला नाही. चहा निवला. उठताना ते म्हणाले, “उद्या.” आणि या वेळी ते खरंच उद्याबद्दल बोलत होते.

सकाळी आठला तिघं दगडाशी भेटले. बाईंनी पहाटे उठून सगळा वाफा उकरला होता. दोन बादल्या भरल्या होत्या. मौरिट्सनी अठरा खडे एकामागोमाग एक मांडले. एकोणिसाव्यासाठी बाईंनी हात पुढे केला आणि त्यांनी तो ठेवायला दिला नाही. स्वतःच ठेवला. बाईंनी मान खाली घातली. बरोबरच होतं ते.

मग मौरिट्स बोलले आणि कालिनानं सांगितलं, “ते म्हणतात, पाकिटात फोटो आणि कागद आहेत. दगडाचं कालिनाकडे दिलंय, कारण गेनियाबाई माझ्याच वयाच्या. आम्ही दोघं एकदमच जाऊ. तिला अजून पन्नास वर्षं आहेत.”

बाईंना हसू फुटलं. इतकं साधं होतं, आणि त्या रात्रभर मेल्या होत्या.

“अजून म्हणतात,” कालिना लाल होत म्हणाली, “हिला झाडता येत नाही. इतका स्वच्छ दगड मी आमच्याकडेही बघितला नाही. तेवढं हिला शिकवा.”

बाईंनी लगेच शिकवलं. खडा उचलायचा, पुसायचा, एप्रनात ठेवायचा. दगड झाडायचा, मग खडा परत त्याच जागी. खराटा असा धरायचा, बशी पुसल्यासारखा नाही. मौरिट्स शेजारी उभे राहून बघत होते. निघताना त्यांनी टोपी काढली. “आभार,” ते म्हणाले. उद्या म्हणाले नाहीत.

ते मार्चमध्ये वारले. पत्र कालिनाच्या नावानं आलं. ते बाईंना खुपलंच.

बादल्यांतले बाकीचे खडे कुणाचे, ते आता कळणार नव्हतं. बाईंनी ते ज्यांच्या दगडावर काहीच नव्हतं त्यांच्यावर एकेक करून वाटून टाकले. वाफ्याची किनार गेली, कोंबड्यांनी डेलियांचा फडशा पाडला, आणि जावेनं येऊन ते नीट बघून घेतलं.

ऑक्टोबर आला. त्या तारखेला कालिना एकटीच सातव्या दगडाशी गेली. एकोणीस खडे उचलले, पुसले, झाडलं, परत मांडले. मग जॅकेटच्या खिशातून तिनं एक विसावा खडा काढला. मुद्दाम समुद्रापर्यंत जाऊन, रेघेचा शोधून आणलेला.

मागून पावलं वाजली. गेनियाबाई चर्चला जायचा कोट घालून आल्या होत्या, धापा टाकत. त्यांनीही मूठ उघडली. आत बुगच्या काठावरचा एक पिवळट खडा होता, ना रेघ ना रूप. त्यांनी कालिनाच्या हातातल्या खड्याकडे पाहिलं. तो फार सुंदर होता.

“सरक,” त्या म्हणाल्या. “आधी मी ठेवणार.”