तारा फिरेपर्यंत थांबा

गेल्या उन्हाळ्यात पाचोडहून मोठे काका पडेगावला आमच्याकडे आले, ते माझं लग्न ठरवायलाच. स्थळ हेरून ठेवलेलं. काकांचा शब्द मोडायची घरात कुणाची बिशाद नाही, बाबांची तर नाहीच. मला मात्र पीएचडी पुरी करायची होती, म्हणून मी मुदत मागितली.

"पर तू करती काय नेमकं?" काकांनी विचारलं.

"मोठ्या, तापलेल्या ताऱ्यांचा अभ्यास. असले तारे एरवी गरागरा फिरतात. माझा तारा लई संथ आहे. त्याच्यात चुंबक आहे म्हणून."

"चुंबकानं काय व्हतं?"

तोंडी सांगून भागणार नव्हतं. मी काकांना माझ्या फिरत्या खुर्चीत बसवलं, हातांत पाण्याने भरलेले दोन तांबे दिले आणि ते पोटाशी धरायला लावले. बाबांनी खुर्ची फिरवली. मोठ्या भावाला फिरवायची संधी जन्मात पहिल्यांदाच मिळत होती, त्यांनी हात राखला नाही.

"आता हात पसरा!" मी ओरडले.

काकांनी पसरले. खुर्ची मंदावली. पाणी भिंतीवर, टीव्हीवर आणि बाबांवर.

"हे पाणी म्हणजे ताऱ्यावरून सुटणारा वारा. चुंबकत्व त्याला अशा लांब हातांनी धरून फिरवतं, मग सोडतं. वारा जाताना फिरकी घेऊन जातो. लाखो वर्षांत तारा पार सुस्तावतो."

काका डोकं धरून बसले. चक्कर ओसरल्यावर म्हणाले, "पटलं. एक फेरी तरी बघितली का त्याची?"

"नाही. अर्धीसुद्धा नाही."

"मंग अर्ध्यातून उठायचं व्हय?" अर्धवट नांगरट काकांना सोसत नाही. "एक फेरी पुरी व्हऊ दे. मंगच लग्न. माझा शब्द हाय."

मी मान डोलावली.

आई फडकं घेऊन पाणी पुसत होती. माझ्या ताऱ्यावरच्या प्रत्येक भाषणाची तालीम तिच्यासमोरच झालेली. स्वयंपाकघरात तिने हळूच विचारलं, "एका फेरीला पन्नास वर्षं लागत्यात ना गं?"

"व्हय."

तिने फडकं पिळलं. "बाहेर बोलू नको. माझ्या वेळी मला असलं काही सुचलंच नाय."

मी तिला ओल्या फडक्यासकट मिठी मारली.

आता काका दर आठवड्याला फोन करतात. "किती फिरला?"

फोन आईच उचलते. "चाललाय की, भाऊजी. पोरगी नजर ठेवून हाय."