शंभरच्या वर नाही

निवडणूक संपली की पोस्टरं उतरतात, किस्से मात्र घरात साचत राहतात. आमची बायको म्हणते, "अहो, रद्दी तरी विकता येते, या किश्श्यांचं काय करू?" तर ऐका.

कुही तालुक्यात पंचायत समितीला आम्ही पाचसहा जणांनी वनिताताईंना उभं केलं. मी रिटायर्ड मास्तर, गणपत विणकर, बाकी शेतकरी. पक्ष नाही, जीप नाही. ताई शहरात धंतोलीतल्या दवाखान्यातलं आयाचं काम सोडून गावी आलेल्या. नियम त्यांचाच : एका माणसाकडून शंभरच्या वर घ्यायचे नाहीत, आणि देणाऱ्याचं नाव चौकातल्या फळ्यावर लिहायचं.

गणपत म्हणाला, "ताई, इलेक्शन आहे का सत्यनारायण?"

*

शहरातून लकडगंजचे एक धान्याचे व्यापारी आले. जाड पाकीट पुढे केलं. आम्ही सगळे पाकिटाकडेच बघून राहिलो! ताईंनी त्यातली शंभराची एक नोट काढली, पाकीट परत दिलं.

"ताई, बाकीचे?"

"शंभरात तुमचा सल्ला ऐकीन, शेठजी. सारे घेतले तं हुकूम ऐका लागन!"

*

फळ्यावर नावं लिहायचं काम माझं. एका सकाळी आमचे तुळशीरामभाऊ तावातावाने आले आणि मला हाताला धरून चौकात घेऊन गेले. मी घाईत 'तुळशिराम' लिहिलं होतं.

"जन्मात पयल्यांदा चंदा देल्ला, मास्तर! वेलांटी तं दुसरी द्या!"

तीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाने सगळ्यांदेखत फळा पुसला.

*

प्रचाराच्या शेवटच्या संध्याकाळी समोरच्या पार्टीने मटण ठेवलं. आमच्या सभेला सहा माणसं! ताई सहा जणांसमोरही बोलायला उभ्या राहिल्या. तासाभराने लोक हात पुसत पुसत येऊ लागले. पटांगण भरलं.

गणपतने एकाला विचारलं, "काहून गा, तिकडचं संपलं का?"

"जेवन तिकडं झालं. इचार कराले इकडं आलो."

एकोणीस मतांनी ताई निवडून आल्या!

*

पहिल्या मीटिंगला ताईंसोबत त्यांचे मालक श्रावणभाऊही गेले. एका साहेबाने लगबगीने भाऊंसाठीच खुर्ची ओढली. "या मेंबरसाहेब, बसा!"

भाऊंनी हात जोडले. "साहेब, मेंबर ह्या आहेत. मी मोटरसायकल चालवतो." आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले.

त्या दिवशी आम्ही सगळे गावात उगाच छाती काढून फिरलो.

*

गेल्या महिन्यातली गोष्ट. ताईंच्या अंगणात आम्ही चहा पीत होतो. पलीकडच्या वस्तीतली बिजाआजी काठी आपटत आली. वय सत्तरीच्या पुढे, आवाज विशीतला.

"मेंबर! आठ दिवस झाले, आमच्या नळाले पानी नाई. तू करून काय राहिली वं?"

गणपत हसला. "आजी, तू तं समोरच्या पार्टीच्या मिरवणुकीत नाचून राहिली होती!"

"नाचली ना! मतही त्याहीलेच देल्लं." आजीने काठी ताईंकडे वळवली. "पन मेंबर तं हे माहीच हाय. ऊठ वं!"

ताईंनी कप खाली ठेवला आणि चपला घातल्या.