शकुताईंनी घेतलेली परीक्षा

सहा आठवडे झाले. रविवारी सकाळी मी पोहे परतत होते आणि शकुताईंच्या मुलाचा, मिलिंदचा फोन आला. "मावशी, आई गेली गं... झोपेतच. चेहरा अगदी शांत आहे." मी गॅस बंद केला. घाटकोपरहून मानखुर्दला पोचेपर्यंत मला रडू आलं नाही. या बाईने मला एकदा किती जोरात झापलं होतं, तेच सारखं आठवत होतं.

शकुताई म्हणजे शकुंतला कांबळे. तीस वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्या वाचनालयात त्या दर रविवारी रेडिओचा फुकट वर्ग घ्यायच्या. मी तेव्हा बावन्न वर्षांची, टायपिस्टची नोकरी सोडून घरी बसलेली. मासिक बदलायला गेले आणि बाहेरचा फळा वाचून आत डोकावले. आत सात पुरुष! मागे वळणार, तेवढ्यात आवाज आला, "ये ना गं. दारात उभं राहून रेडिओ लागत नाही." गेले. पाइपच्या तुकड्यावर तांब्याची तार गुंडाळायला त्यांनी शिकवलं, वेढे मोजून घेतले, चुकले की उलगडायला लावले. महिन्याभराने गच्चीवर लांब तार ताणून मी माझा पहिला रेडिओ कानाला लावला. ना बॅटरी, ना वीज. आणि आत कुणीतरी बारीक आवाजात मराठी बातम्या देत होतं! मी विचारलं, "ताई, हा चालतोय कशावर?" त्या म्हणाल्या, "स्टेशनाकडून ज्या लहरी येतात ना, त्यांच्यातच तेवढी ताकद असते. तू फक्त त्यांना वाट करून दिलीस." त्या दिवशी मी घरी नाचतच आले.

पुढे परीक्षा देऊन मला हौशी रेडिओचा परवाना मिळाला. आता नुसतं ऐकायचं नव्हतं, बोलायचं होतं. ताईंच्या घरी माईक हातात घेतला, "मी... मी माधुरी, घाटकोपर," एवढं म्हणाले आणि जीभ टाळ्याला चिकटली. वर माईकचं बटण तसंच दाबून धरलेलं. ताई ओरडल्या, "अगं बोट काढ बोट! दाबून धरलंस तर तो बिचारा बोलणार कधी?" मी घाबरून बोट उचललं आणि थेट कुडाळहून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "खयसून बोलतंस गो बाय?" माझं माहेर तिथलंच. मग पाऊण तास माझं तोंड बंद होईना. ताई शेवटी चहा ठेवून निघून गेल्या.

वरच्या परवान्यासाठी मोर्स लागायचं, म्हणजे प्रत्येक अक्षर लहान-मोठ्या ठोक्यांत ओळखायचं. त्यात मी दोनदा नापास झाले. "आता कोण वापरतं हे?" मी चिडून म्हटलं. "आवाज फाटतो तिथे ठोका पोचतो," ताई म्हणाल्या. "बस, पुन्हा लिहून घे."

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात पोचले तर खोलीत गडबड. उजव्या हाताला सलाईन, त्यामुळे पाटीवर लिहिता येईना, आणि डाव्या हाताने ताई सकाळपासून खाटेच्या दांडीवर बोटातली अंगठी आपटत होत्या. "बेचैन झाल्यात, हात बांधावा लागेल," नर्स म्हणाली. मिलिंद रडकुंडीला आलेला. मी ऐकलं... आणि ओरडले, "थांबा! त्या बोलतायत!" ठोक्यामागून पटकन दुसरा आला तर तो लहान, म्हणजे डॉट, आणि थांबून आला तर लांब, म्हणजे डॅश, असं ताईंनी अंतरावर बसवलं होतं. पिशवीतल्या पावतीमागे मी अक्षरं लिहीत गेले. रोमन लिपीत मराठी शब्द. पाठ... टोचते. नर्सने त्यांना अलगद कुशीवर वळवलं. पाठीखाली इंजेक्शनचं प्लास्टिकचं टोपण! कातडीवर त्याचा लालभडक वळ उठलेला. मिलिंदने ते उचलून फेकलं आणि आईचा हात गालाला लावून बसला. थोड्या वेळाने ताईंनी हात सोडवून घेतला आणि माझ्याकडे बघत पुन्हा ठोकलं. मी लिहिलं. 'पास.'

मग खऱ्या परीक्षेतही मी पास झाले. पुढची दोन वर्षं ताई रेडिओवर मोर्समध्येच बोलल्या, आणि खरं सांगते, आधीपेक्षा जास्त बोलल्या. मानखुर्दहून चहाची, नातीच्या दातांची, शेजारणीच्या भांडणाची खबर रोज घाटकोपरला यायची.

त्यांची एक सवय मात्र आवाज होता तेव्हाही होती नि गेल्यावरही राहिली. समोरच्याचं बोलणं संपलं की त्या लगेच सुरू करत नसत, क्षणभर थांबत. मधेच कुणाला अडीअडचणीचं काही सांगायचं असेल तर त्याला जागा मिळावी म्हणून. ती सवय आता माझ्या अंगात मुरली आहे. परवा जेवताना मी अशीच बोलता बोलता थांबले. आमचे हे तसे अबोल. त्यांनी आमटीची वाटी खाली ठेवली आणि म्हणाले, "मला यायचं होतं गं तेव्हा वर्गाला. तुझ्या ताईंची भीती वाटायची... आता तू शिकवशील?"