फोनचाच दोष

चिखलीच्या बसथांब्यावर तो रोज भेटायचा. चाकणच्या कंपनीत मशीन चालवायचा आणि ॲपवर इंग्रजी शिकायचा. ते ॲप मी बनवलंय, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. ॲपवर बोट ठेवून तो फोन डब्यावर ठेवायचा, बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधायचा, तेव्हा कुठे ते उघडायचं.

"फोनच जुना हाय, साहेब."

दोष माझा होता. उघडतानाच सगळ्या धड्यांचे ऑडिओ एकदम लोड व्हायचे. ठाऊक असून मी आळस केला. शेवटी रविवारी बसून दुरुस्त केलं. आता निवडलेल्या धड्याचाच ऑडिओ लोड होतो.

सोमवारी ॲप झटकन उघडलं.

"काल गावाकडच्या लेकीचे समदे फोटो पुसून टाकले, साहेब. आता बघा कसा पळतोय!"

मी म्हणालो, "हो, पळतोय खरा."