पटाचं बोलावणं

सौंसरच्या शंकरपटात मागच्या वर्षीच्या कोणत्या बैलजोड्या पुन्हा पळवायला बोलवायच्या, हे पट भरवणारा तो एकटा ठरवायचा. पट जवळ आला की बसस्टँडवरच्या टपरीत बशीत चहा ओतून बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा, “मागच्या पटातलं काय आठवते, भाऊ?” चहा बशीतच निवायचा.

एका वर्षी माझी जोडी पुढे असूनही पंचांनी ती हरलेली ठरवली. मी भर मैदानात दुपट्टा आपटून भांडलो. तरी पुढच्या पटाचं बोलावणं आलं. मला वाटलं, त्याला बैलांची पारख आहे.

“माहे बैल पटले ना?” मी विचारलं.

“बैल तर रामाकोना गावचेही चांगले हायेत. पण तुमचं भांडण लोक अजून सांगून राहिले, शेठ. पंचही तेच ठेवले.”

त्या पटात मी तोंड उघडलं नाही. जोडी सरळ जिंकली. तो मैदानाच्या कडेला चुळबुळत माझ्याकडेच पाहत होता.

पुढच्या वर्षी बोलावणं आलं नाही. मी तडक टपरीवर गेलो.

“मागच्या पटातलं काय आठवते, शेठ?” त्याने मलाच विचारलं.

“माही जोडी जिंकली.”

“ते नाही विचारून राहिलो,” तो म्हणाला आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे वळला.