अप्पाजी खटावकरांचं थोरलं दार

अप्पाजी खटावकरांच्या घराला दारं तीन, पण आत माणूस एकही धड नाही, असं माझे सासरे म्हणायचे. हे अर्धं खोटं होतं. अप्पाजींची आई कौसल्याबाई आणि बायको यमुना ही दोन चांगली माणसं त्या घरात होती. अप्पाजींपुरतं म्हणाल तर सासऱ्यांनी फारच सौम्य शब्द वापरले.

हुबळीच्या दुर्गदबैलात त्यांचं खणांचं दुकान आणि दुकानामागे घर. समोर आमच्या दोन खोल्या. लग्न होऊन आले तेव्हापासून जोंधळे निवडता निवडता मी हा माणूस बघितलाय, म्हणून सांगते. कुणी कुठल्या दारानं यायचं यावर त्यांचा जेवढा जीव होता, तेवढा पोटच्या पोरांवर नव्हता.

रस्त्यावरचं ते ‘थोरलं दार’. सागवानी, पितळी कड्यांचं. त्यातून देव, जावई आणि गदगहून येणारे मोठे व्यापारी. बोळातलं ते नुसतं ‘दार’, घरच्यांचं. आणि मागचं ते ‘हित्तल’. कानडीत परसाला हित्तल म्हणतात, त्यात वाईट काही नाही, पण अप्पाजींच्या तोंडी तो शब्द शिवीसारखा यायचा. विणकर, शेणवाली, मोलकरीण, बायकोच्या माहेरची माणसं, सगळी हित्तलानं. यमुनाचे वडील एकदा अळणावरहून आले. थोरल्या दारात वहाणा काढतात तोच अप्पाजी म्हणाले, “मामा, हित्तलाकडनं या की, तिकडं पाय धुवायला पाणी आहे.” पाण्याचं घंगाळ थोरल्या दाराशीही भरलेलं होतं. म्हाताऱ्यानं ते बघितलं आणि मुकाट्यानं घराला वळसा घातला.

दुकान बंद केलं म्हणायचं नाही, ‘वाढवलं’ म्हणायचं. तिन्हीसांजेला थोरलं दार सताड उघडं, कारण लक्ष्मी तिथून येते. आणि मागच्या दाराला कडी, कारण आलेली लक्ष्मी तिकडून निसटते. हे आम्हीही पाळायचो, पण दिवा लावून झाला की विसरायचो. अप्पाजी स्वतः मागच्या कडीवर हात ठेवून उभे राहायचे. असल्या माणसाकडे लक्ष्मी यायची, यात मला तिचाच कमीपणा वाटतो.

आणि हे सगळं उभं केलं होतं कौसल्याबाईंनी! नवरा गेला तेव्हा अप्पाजी पाळण्यात होते. बाईनं डोक्यावर खणांचं गाठोडं घेऊन हुबळीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या, मग दुकान घेतलं, मग मागे घर बांधलं. मला नेहमी म्हणायच्या, “मंगला, आता देवाकडं एकच मागणं आहे गं. माझ्या घरात, माजघरात देवासमोर डोळे मिटू देत.” याहून स्वस्त मागणं कुणी मागितलेलं मी ऐकलं नाही.

१९३४ साली दसरा झाला आणि म्हातारीला ताप भरला. डॉक्टर आले, मान हलवून गेले. त्यांच्या पाठोपाठ अप्पाजी बाहेर पडले, ते औषधाला नव्हे, बाळाचार्यांकडे. बाळाचार्य पंचांग बघायचे. ते म्हणाले, उद्यापासून पंचक लागतंय. त्यात काही झालं तर घर सोडावं लागेल, दाराला काटेरी फांद्या लावून सहा महिने बाहेर राहावं लागेल. ही चाल आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक. पण अप्पाजींचं घर आणि दुकान एका छपराखाली. घराला काटे म्हणजे दुकानालाही काटे, आणि तेही दिवाळीच्या तोंडावर.

अप्पाजींनी एवढंच विचारलं, “परसातला गोठा घरात धरतात का हो?”

“आढं वेगळं असेल तर नाही धरत,” बाळाचार्य म्हणाले.

आढं वेगळं होतं.

दोन हमाल आले. मी यमुनाच्या मदतीला गेले होते, त्यामुळे हे डोळ्यांनी बघितलं. बाजलं मागच्या दारातून निघालं तशी म्हातारीनं चौकट धरली.

“कुठं न्यायलास रे अप्पा मला?”

“हवेशीर आहे अव्वा तिकडं.”

“घरात राहू दे रे. माझं घर आहे.”

अप्पाजींनी आईची बोटं एकेक करून चौकटीवरून सोडवली. ओरडले नाहीत, हिसडा मारला नाही, अगदी हळुवारपणे सोडवली. त्या हळुवारपणाची मला जी शिसारी आली, ती आजही जात नाही. यमुना भिंतीशी पदराचा बोळा तोंडात धरून उभी होती.

गल्लीनं विचारलं, आईला बाहेर ठेवलंत? “बाहेर कुठं?” अप्पाजी म्हणाले. “आपल्याच घरात आहे की. गोठा काय परक्याचा आहे?” बाळाचार्यांपुढे गोठा घराबाहेर, गल्लीपुढे घरात. जिभेला हाड नसतं हे खरं, पण या माणसाच्या पाठीलाही नव्हतं. गल्लीनं “हो, तेही खरंच” म्हणून माना डोलावल्या. असल्या वेळी आमची गल्ली फार समजूतदार व्हायची.

दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला म्हातारी गोठ्यातून पाणी मागत होती. यमुना तांब्या घेऊन मागच्या दाराशी गेली, तर अप्पाजी कडीवर हात ठेवून उभे. “थोडं थांब. दिवेलागण आहे.” बाहेर म्हातारी पाणी पाणी करतेय आणि आत मुलगा लक्ष्मी अडवून उभा! शेवटी मी बोळातून परसात गेले आणि पाणी पाजलं. त्यानंतर रोज त्या वेळेला मीच जायचे. अप्पाजींना दिसायचं, पण कडी त्यांनी एकदाही काढली नाही.

म्हातारी चिवट. पंचक सरलं आणि तापही उतरला. सकाळीच अप्पाजी हसतमुखानं गोठ्यात आले. “चल अव्वा, घरात चल.”

“कुणाच्या?” म्हातारीनं विचारलं.

अप्पाजी आधार द्यायला पुढे झाले. तोवर ती यमुनाचा हात धरून उठली, बोळातून रस्त्यावर आली, आपल्या थोरल्या दाराकडे न बघता रस्ता ओलांडून आमच्या दारात उभी राहिली. “मंगला, चार दिवस टेकू का गं?”

आमच्या ह्यांनी मला आत बोलावलं. “आणि काही झालं तर? नक्षत्र वाईट निघालं तर आपण कुठं जायचं?”

“अमरगोळला, माझ्या माहेरी,” मी म्हणाले. ह्यांनी स्वतःच म्हातारीसाठी सतरंजी अंथरली. माझ्या माहेरची भीती नक्षत्राहून मोठी असावी.

दिवाळी तोंडावर असताना कौसल्याबाईंनी आमच्या खोलीत डोळे मिटले. तिथून त्यांचं घर समोर दिसायचं. एका रस्त्याएवढं अंतर राहिलं आणि बाईचं एवढंसं मागणं राहून गेलं. मी त्या दिवशी रडले ते त्या गेल्या म्हणून नाही, या गोष्टीसाठी रडले.

अप्पाजी आले. आधी बाळाचार्यांकडे जाऊन आले होते. नक्षत्र चोख होतं. मग सुतकी चेहरा करून आमच्या उंबऱ्याशी उभे राहिले. मागे बाळाचार्य, व्यापारी मंडळी, भजनी मंडळी, हारांच्या टोपल्या.

“मंगलाबाई, अव्वाला समोर नेतो. थोरल्या दारातनं निघायला पाहिजे ती. एवढी माणसं आलीत, खटावकरांची आई लोकाच्या दारातनं गेली असं नको व्हायला.”

माझ्या जिभेवर काय काय आलं होतं ते लिहिण्यासारखं नाही. पण मी तोंड उघडायच्या आत यमुना बोलली. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, या बाईचा आवाज गल्लीला माहीत नव्हता. सासूचं डोकं मांडीवर तसंच ठेवून ती म्हणाली,

“जिवंत होत्या तेव्हा मरायला घरात नको होत्या. आता मेल्यावर कशाला हव्यात?”

अप्पाजींनी बाळाचार्यांकडे बघितलं, तर ते धोतराचा सोगा सारखा करत होते. व्यापारी मंडळींपैकी एकानं टोपलीतला हार उचलला, तो समोरच्या दारी न नेता आमच्या उंबऱ्याशी आणून ठेवला, आणि अप्पाजी खाली मान घालून आमच्या दारात विस्तवाचं मडकं धरायला वाकले.